गेटपास फाडायचा राहिला

"सोबत कोणी आहे का, सर?" असं विमानतळावरच्या लाउंजच्या दाराशी बसलेल्या मुलीनं विचारलं आणि मी "नाही" म्हणालो. ही गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. त्या वेळी माझा सख्खा मोठा भाऊ तिथून पन्नास पावलांवर, मांडीवर जेवणाचा डबा धरून, बाजूच्या खुर्चीवर माझ्यासाठी मफलर टाकून बसला होता.

शहापूरजवळच्या एका राईस मिलमध्ये आम्ही दोघं नोकरीला. मी ऑफिसात, दादा मशीनवर. गोंदिया आमच्यापासून वेगळा जिल्हा होऊन सात-आठ वर्षं झाली होती. तिकडच्या मिलवाल्यांचा तांदूळ समुद्रापार जातो आणि आपला नागपूरच्या पुढं सरकत नाही, हे आमच्या शेठच्या मनाला लागलेलं. शेवटी आखातातला एक व्यापारी नमुना बघायला तयार झाला. इंग्रजी बोलणारा माणूस पाठवा म्हणाला आणि माझं तिकीट त्यानंच पाठवलं, तेही बिझनेस क्लासचं. पण तांदळातलं मला काय कळतं? दादा एक दाणा दाताखाली धरून धान किती ऊन खाऊन आलं ते सांगतो. म्हणून शेठनं त्याचंही तिकीट काढलं, साधं. मी दादाला एवढंच सांगितलं, की जागा पुढं-मागं मिळाल्या आहेत.

पहाटे चारला नागपूरच्या विमानतळावर पोचलो तर धुकं असं, की काचेबाहेर विमान आहे हे नुसतं मानून चालायचं. सगळ्या तपासण्या उरकून बसलो आणि सूचना झाली, उड्डाणाला उशीर होईल. किती, ते धुक्यालाच ठाऊक. बिझनेस क्लासवाल्यांनी लाउंजमध्ये बसावं, सोबत एक जण नेता येईल.

दादाच्या अंगात लग्नातला कोट, खाली धोतर. नमुन्याची पुडी सोडून तो शेजारच्या टायवाल्या साहेबाला दाणा चावायला लावत होता. साहेब बिचारा चावत होता. मला लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. आत कागद तपासायला बोलावलंय, असं मी दादाला सांगितलं.

"काहून?" तो म्हणाला. "तांदळाचं हाय का काही?"

पुढचं खोटं मला सुचत नव्हतं, त्यानंच सुचवलं. मी मान हलवली.

त्याचा चेहरा पडला. आमच्या मिलमध्ये गेटपास फाडल्याशिवाय मूठभर तांदूळ फाटकाबाहेर जात नाही; चौकीदार शेठचीही पिशवी उघडून बघतो. आणि निघायच्या घाईत या पाच पुड्यांचा गेटपास फाडायचा दादाकडून राहून गेला होता.

आत सोफा असा, की बसलं की गुडघे कानाशी. मी ऑम्लेट खाल्लं, इडल्या खाल्ल्या, एक केक खाल्ला. तासाभरानं धुकं तसंच होतं, म्हणून पुन्हा इडल्या खाल्ल्या. दुसऱ्या बशीला आठवलं, की आमच्या घरी जे सोबत निघतात ते सोबतच जेवतात. मी गेल्याशिवाय दादा डबा उघडायचा नाही. आठवलं, आणि बशी संपवली.

तीन तास उलटल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. "सर, बाहेर एक काका आलेत. त्यांचा लहान भाऊ आत आहे म्हणतात." 'लहान भाऊ' हे शब्द तिनं जरा सावकाश उच्चारले. मी उठलो आणि दाराशी असलेल्या मोठ्या कुंडीच्या आड उभा राहिलो.

ती परत टेबलाशी गेली. दादानं हात जोडले होते. "बाई, त्याले कायले बसवून ठेवलं? तो ऑफिसातला मानूस, त्याले काही मालूम नाही. तांदूळ माह्या हातचा हाय, गेटपास म्याच नाही फाडला. बसवाचं असंन त मले बसवा."

आणि त्यानं तिकिटाचा छापील कागद पुढं केला. कागदाच्या मागच्या बाजूला, बहुतेक त्या टायवाल्या साहेबाच्या पेनानं, लिहिलं होतं: नमुना तांदूळ, पुड्या पाच, बाहेर जाऊ देणे. खाली त्याची सही, आणि फाटकावरच्या माणसाच्या सहीसाठी कोरी जागा.

मुलीनं कागद अक्षर न् अक्षर वाचला. मग कोऱ्या जागेत सही केली. "झालं, काका. घेऊन जा भावाला." एवढं बोलून तिनं कुंडीकडे पाहिलं. मला बाहेर यावंच लागलं.

दादानं तिथंच डबा उघडून तिला लाखोळीच्या डाळीचा वडा दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. "सकाळपासून उपाशी हाय माहा भाऊ," तो तिला म्हणाला. माझ्या दोन्ही बशा तिच्यादेखत उचलल्या गेल्या होत्या.

मग बाकावर बसून मी सात वडे खाल्ले, जवसाच्या चटणीशी. पाचव्याला डोळ्यांत पाणी आलं. दादा पाठीवर हात फिरवत म्हणाला, "खाय बाबू, भेला असशीन." नऊला विमान सुटलं. पडद्याच्या पुढं माझ्यासमोर पुन्हा नाश्ता आला. मागं दादाला काय मिळालं, मी विचारलं नाही.

सौदा झाला. व्यापाऱ्यानं माझं इंग्रजी ऐकून घेतलं आणि दादासोबत दाणे चावून माल पसंत केला.

दादा आता घरी असतो. तो सहीचा कागद त्यानं आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलाय, आणि विमानतळावर भावाला कसं सोडवलं हे तो प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो. त्या वेळी मी पाणी वाढायला उठतो. लोकांना वाटतं, मला संकोच वाटतो.

दादा, मला कोणी धरून ठेवलं नव्हतं. तुला बाहेर मीच ठेवलं होतं. एवढी दोन वाक्यं मी त्याचं देणं लागतो, आणि ती अजून दिलेली नाहीत.