इंजिनासमोरचं गाऱ्हाणं

मी त्या बोटीवर गेले ती भांडायला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की ही बाई मुळातच भाबडी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मसुऱ्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमचे हे कंटेनर वाहणाऱ्या बोटीवर इंजिन-फिटर. लग्नाआधी गावातल्या भाताच्या गिरणीचं डिझेल इंजिन सांभाळायचे, तिथून ओळखीनं मुंबईला आणि मुंबईहून समुद्रावर. दहा-दहा महिने घराचं तोंड बघायचे नाहीत. मागच्या रजेवर आले तेव्हा आमच्या पाच वर्षांच्या मुलीनं फळीवरून पाहुण्यांचं ताट काढलं आणि त्यांच्यापुढे मांडलं. ते हसले. मी त्या दिवशी भांडी इतकी आपटली की शेजारीण चौकशीला आली.

ते परत गेले आणि काही महिन्यांनी मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिकची जागा निघाली. मालक म्हणाले, "तुमच्या घोवाक देतंय, पण ह्या आठवड्यात सांगा." योग असा, की त्याच आठवड्यात ह्यांची बोट मुंबईला लागत होती आणि करार तिथेच संपत होता. कप्तान मात्र आणखी एक फेरी करा म्हणून मागे लागला होता. मी त्या जागेबद्दल तार केली, तर ह्यांनी उलट तारेत एवढंच कळवलं, "तू ये. मग ठरवू." मुलीला जाऊबाईंकडे ठेवून मी एसटीत बसले. मुंबई येईपर्यंत काय काय बोलायचं त्याची उजळणी केली, त्यांच्या उत्तरांसकट.

धक्क्यावर पास दाखवून शिडी चढले. हे वर उभे होते, बॉयलर सूटला हात पुसत. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "आधी खाली चल गो. मगे काय ता बोल." माझ्या चपला काढायला लावल्या आणि कोणाचे तरी जाडजूड बूट दिले. पाचवारी साडी, पदर खोचलेला, खाली बूट. भांडायला निघालेल्या बाईला असा अवतार बरा दिसत नाही.

लोखंडी जिन्यांखाली जिने. तेलाचा वास आणि गरम हवा. एका मजल्यावर थांबलो. समोर लांबच लांब रांगेत विहिरीच्या तोंडाएवढी गोल लोखंडी झाकणं होती आणि त्यांच्यावर माझ्या मनगटापेक्षा जाड बोल्ट.

"इंजिन खंय आसा?" मी विचारलं.

"ह्या काय! ह्या तेचा माथा. बाकीचा खाली आसा."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. ते खाली जात होतं, जातच होतं, तीन मजले. आमच्या गिरणीचं इंजिन माझ्या कमरेएवढं. त्याला हँडल मारताना दोन गडी घामाघूम व्हायचे आणि आम्ही पोरी भाताच्या टोपल्या टाकून लांब उभ्या राहायचो. इथे भिंतीशी एक जादा पिस्टन बांधून ठेवला होता. त्याला मिठी मारायची म्हटली असती तर माझे हात एकमेकांना भेटले नसते. हे म्हणाले की भर समुद्रात सगळी ताकद लावून चालतं तेव्हाही ते घाई करत नाही, शांतपणे बसलं तर त्याचे ठोके मोजता येतात.

अगदी तळाशी त्याच्या कुशीतला एक दरवाजा उघडा होता. दोन दिवस आत बसून ह्यांनी आणि सोबत्यांनी एक बेअरिंग बदललं होतं. ह्यांनी मला जरा मागे उभं केलं आणि हात वर केला. कोणीतरी बटण दाबलं. आवाज जवळपास नाहीच. आतल्या काळोखात तेलानं चमकणारा एक प्रचंड लोखंडी दांडा वर यायला लागला, इतका सावकाश की आधी तो हलतोय हेच मला कळेना. मग तो तसाच खाली गेला आणि त्याच्या शेजारचा उठला. मला भीती वाटली, आणि तिथून निघावंसंही वाटेना. एसटीत पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

हे मान कलती करून ऐकत होते. बोटीचा मुख्य इंजिनिअर, एक उंच गोरा माणूस, ह्यांच्या तोंडाकडे बघत थांबला होता. ह्यांनी मान हलवली तेव्हा कुठे त्यानं पुढचा हुकूम दिला. घरी ह्यांना सुपारीच्या बागेला पाणी कधी सोडायचं हेसुद्धा कोणी विचारत नसे.

दरवाजा बंद झाला, बोल्ट आवळले गेले आणि एकानं नारळ आणला. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांसाठी मागणं मागतात; इथे इंजिन पुन्हा चालू करायचं होतं. घरी ते थोरले दीर घालतात आणि हे मागे उभे राहून फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथे हे पुढे झाले. मागे रांगेत एक गोव्याचा ख्रिस्ती, दोघे रत्नागिरीकडचे मुसलमान, एक सरदारजी आणि टोपी हातात घेतलेला तो गोरा साहेब.

"बा देवा म्हाराजा! ह्या लोखंड परत चालू करण्याआधी तुझी याद केली हा."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात. साहेबसुद्धा, मोडकंतोडकं.

"काय चुकला-माकला आसात ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"हेच्या पोटात ज्या ज्या माणसान हात घातलो, तेचो तेचो हात तसोच भायर येवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

इतकी वर्षं मी फक्त रजेतला नवरा पाहिला होता. त्या तीन मजली लोखंडासमोर उभा राहून दुसऱ्यांच्या हातांसाठी मागणारा हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता, आणि माझा ऊर भरून आला.

मग त्यांचा आवाज जरा खाली गेला.

"म्हाराजा, आज मी ह्येका सोडून माझ्या घराक जातंय. माझ्या मागसून जो कोण हंयसर येतलो, तेका माझ्यासारखोच सांभाळ."

त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. गोवेकर खाली बघत राहिला. सरदारजीनं तोंड फिरवलं. उत्तर मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, म्हणून हे तसेच मान खाली घालून थांबले. त्या लोकांना 'व्हय' म्हणायचं नव्हतं. खरं सांगते, त्या घटकेला मलाही नव्हतं. मी नुसतं 'रवा' म्हटलं असतं तर ते राहिले असते आणि सगळ्यांना आनंद झाला असता. पण घरी एक पोर होती, आणि मी तिची आई होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. एकटीनंच. मग एकेक करून बाकीचे म्हणाले.

नारळ बादलीत फोडला, कारण तिथल्या जमिनीवर पाणी सांडून चालत नाही. ह्यांनी इंजिनाच्या कोमट अंगावर तळहात टेकला. तो उचलेपर्यंत कोणी हललं नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं. पण त्या दिवशी ह्यांच्याकडून जे घेतलं, एवढं मोठं काही मी आयुष्यात दुसऱ्या कोणाकडून काढून घेतलेलं नाही.