मुलाखतीच्या दिवशी बुधीबाई

कार्यालयीन पत्रव्यवहारात ‘अपरिहार्य कारणास्तव’ असा एक शब्दप्रयोग आहे. त्याच्यामुळे लिहिणाऱ्याला काही सांगावे लागत नाही आणि वाचणाऱ्याला काही विचारता येत नाही. मी डहाणूत शिकवतो आणि उरलेल्या वेळात निरनिराळ्या कार्यालयांकडे तक्रारी पाठवतो, त्यामुळे या शब्दांची मला चांगली ओळख आहे. ते एखाद्या घरात शिरल्यावर काय करतात, हे मात्र मी तलासरी तालुक्यातल्या झरी गावी, लाहूच्या घरात पाहिले.

लाहूने विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली होती. डहाणू रोडच्या लॉजमधली फिटिंग, चिकूच्या वाड्यांमधल्या मोटारी, नव्या दुकानांचे बोर्ड, जे मिळेल ते काम तो स्वतंत्रपणे घेई. माझ्या घराचे वायरिंगही त्यानेच केले. ‘स्वतंत्र कंत्राटदार’ हे शब्द छापील कार्डावर रुबाबदार दिसतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ एवढाच, की काम असेल त्या दिवशी हा माणूस आहे आणि नसेल त्या दिवशी तो कोणाच्याच हिशेबात नाही.

२०१५ साली मुंबईच्या एका निमसरकारी संस्थेने तंत्र सहायकाच्या जागा काढल्या आणि लाहूला मुलाखतीचे बोलावणे आले. त्याची बातमी सबंध पाड्याला बुधीबाईने दिली. बुधीबाई ही लाहूच्या बापाची बहीण. गुजरात जवळ असल्यामुळे तिकडे आत्याला फुई म्हणतात. ती ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. लाहू रांगत असताना त्याची आई गेली, तेव्हा त्याला हिनेच वाढवले. तो शाळेच्या परीक्षेला निघे तेव्हापासून तिचा एक परिपाठ होता. कुडाशी पाण्याचा तांब्या घेऊन ती उभी राही, तो दोन घोट पिई, आणि वळणाआड दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच थांबे.

त्या वेळीही ती तशीच थांबली. लाहू डहाणू रोडच्या फलाटावर पोहोचला आणि मोबाइलवर संदेश आला: अपरिहार्य कारणास्तव मुलाखत रद्द, पुढील तारीख कळवण्यात येईल. त्या दिवसासाठी त्याने एका लॉजचे काम नाकारले होते. मालकाने दुसरा वायरमन बोलावला आणि पुढे ते सारेच काम त्या दुसऱ्याकडे गेले. अशी नुकसानी कोणत्याही संदेशात लिहिलेली नसते.

पुढच्या वर्षी पुन्हा तारीख आली आणि पुन्हा रद्द झाली. मी त्याच्या वतीने तक्रार अर्ज लिहिला. उत्तरात तेच दोन शब्द, फक्त या वेळी सहीशिक्क्यासह. पाड्यावर शेजारचा रघ्या लाहूला विचारू लागला, “काय साहेब, आज तरी तिकडचा साहेब हापिसात हाय, का तो पण वायरिंगला गेला?” लाहू हसण्यावारी नेई. त्याची बायको शितल हसत नसे.

कारण न सांगता एखादी गोष्ट वारंवार मोडत गेली, की माणूस कारण आसपास शोधू लागतो. मुंबई लांब होती, बुधीबाई कुडाशी उभी होती. विहिरीवर रखमी नावाची शेजारीण शितलला सहज म्हणाली, “तुझा नवरा निघतो तवा सामने कोण असते, ते बघ एकदा.” याला अडाणीपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या माहितीसाठी सांगतो, की आमच्या शिक्षक-कक्षातले दोन पदव्या घेतलेले गृहस्थ मांजर आडवे गेले की स्कूटर थांबवतात.

तिसऱ्या वेळी लाहूनेही तेच मनात धरले. बुधीबाई तांब्या भरून पुढे उभी असताना तो मागच्या दाराने, ओहोळाच्या वाटेने निघाला. तिला वाटले, पोरगा गडबडीत विसरला. ती रस्त्यापर्यंत धावत आली.

“पाणी राहिलं ना रे लाहू.”

तो थांबला आणि प्यायला. ती मुलाखतही झाली नाही. संध्याकाळी शितल चुलीकडे तोंड करून बोलली, “फुई, तुम्ही नका येऊ सामने आता. बाकी काय नाय.” बुधीबाईने तांब्या पालथा घातला आणि अंगणात जाऊन बसली. लाहू घरातच होता. तो काही बोलला नाही, हे त्यानेच मला सांगितले.

२०१८ च्या हिवाळ्यात अखेरची तारीख आली. आदल्या दिवशी बुधीबाईने आपणहून गाठोडे बांधले आणि वाणगावला दक्षाकडे निघाली. दक्षा ही तिच्या नवऱ्याची पुतणी. रेल्वे फाटकाजवळ राहून भाजीपाला पिकवायची. जाताना बुधीबाई शितलला म्हणाली, “झालं का मंग सांगशी. येईन मी.”

लाहू या वेळी संस्थेच्या दारापर्यंत पोहोचला. रखवालदाराने त्याला दारातूनच परत पाठवले. दुसऱ्या दिवशी मी दूरध्वनी करून कारण विचारले. माझ्या आवाजाला तक्रारीचा सराव आहे. पलीकडचा कर्मचारी कंटाळून खरे बोलून गेला. “अहो, आमच्या साहेबांचा निरोप समारंभ होता. हॉल एकच आहे. मुलाखती कुठे घेणार?” अपरिहार्य कारण ते हे. त्याच आठवड्यात संपूर्ण भरतीच रद्द झाल्याचा संदेश आला, आणि तोपर्यंत लाहूचे वय नियमाबाहेर गेले होते.

त्या बातमीतून एकच चांगली गोष्ट निघेल, असे आम्हाला वाटले. फुई घरी नव्हती, समोर आली नव्हती, तरीही मुलाखत रद्द झाली. शितलच लाहूला म्हणाली, “घेऊन या त्यांना. माझंच चुकलं.” लाहूने मला सोबत बोलावले. मी नीट समजावून सांगेन, अशी त्याची कल्पना होती.

बुधीबाई दक्षाच्या वाफ्यात मेथी खुडत होती. लाहूला पाहताच तिने हात पदराला पुसले.

“झालं?”

“नाय झालं, फुई. रद्द केलं. पण तू तर नव्हतीस ना तिथं? बघ. तुझं काय नव्हतंच त्यात. चल घरी.”

मीही निरोप समारंभाचे आणि त्या हॉलचे सांगितले. तिने सारे मन लावून ऐकले. मग खाली बसून खुडलेली मेथी उगाचच सारखी करू लागली.

“मास्तर, तुम्ही सांगता ते हापिसचं असंल,” ती म्हणाली. “पण लाहू, तुझी गाडी इथूनच जाते. मला राहावलं नाय रे. मी फाटकावर जाऊन उभी होती. तू दिसला नाय, पण गाडी गेली तवर मी बघत राहिली. मी तिथं जायला नको होतं.”

दक्षा म्हणाली, “काकी, आमी पण रोज बघतो त्या गाडीला.” बुधीबाईने तिच्याकडे पाहिलेही नाही.

लाहूने खिशातला मोबाइल अर्धा बाहेर काढला होता. भरतीच संपल्याचा संदेश तो तिला वाचून दाखवणार होता, म्हणजे आता कुठे जायचेच नाही आणि घरी यायला हरकत नाही. त्याने तो परत आत ठेवला. ते ऐकले असते तर तिने तेही स्वतःच्याच माथी घेतले असते.

“पुढली तारीख कवा?” तिने विचारले. “मला आधी कळव. त्या दिवशी मी दाराच्या बाहेर पाय टाकणार नाय. ते झालं का मग घरी येईन.”

“कळवतो,” लाहू म्हणाला.

तिने मेथीची जुडी बांधून त्याच्या हातात दिली, शितलसाठी. आम्ही फाटक ओलांडून स्टेशनकडे निघालो. मी मागे वळून पाहिले. वाफ्यात एकटी दक्षा उभी होती, आणि घराचे दार आतून लावलेले होते.

लाहूने वाटेत एकच गोष्ट सांगितली. “सर, फाटकाचं शितलला नका सांगू.”