देवमनचा डावा हात

देवमनच्या घरी पेटी होती, म्हणून पियानो त्याला सोपा जाईल असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही वाटलं. त्याचे वडील पुंजाजी अंजनगाव सुर्जीच्या वस्तीत बुद्धवंदनेनंतरच्या गाण्यांना पेटीची साथ करायचे. देवमन त्यांच्याजवळ बसूनच शिकला. पुढे अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत रोजच्या प्रार्थनेला पेटी वाजवायचं काम त्याला मिळालं आणि तिथल्या हॉलमध्ये त्यानं पहिल्यांदा पियानो पाहिला.

पियानो शिकवायच्या अकोल्याच्या एस्तेरबाई. त्या निवृत्त होणार होत्या. आपल्या जागी देवमन यावा म्हणून त्यांनी त्याला शाळा सुटल्यावर शिकवायला घेतलं. मुख्याध्यापिकांची अट एकच होती : बासष्ट सालच्या संमेलनात त्यानं पाहुण्यांसमोर एक अख्खा सोनाटा वाजवायचा. सोनाटा म्हणजे तीन भागांची मोठी रचना. वाजवला तर नोकरी.

पहिला भाग बोटांच्या चपळाईचा होता, तो लवकर बसला. अडला तो मधल्या संथ भागात. पेटीत भाता हलतो तोवर सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटली, की त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो.

"बाई, हा तं मरूनच जाते. धरू कसा?"

"धरायचा नाही. पुढचा सूर इतका हलका ठेव, की आधीचाच चालू आहे असं वाटावं."

"म्हंजे लोकायले फसवाचं?"

"पेटीवाल्या, वाजव आधी!" बाई हसून म्हणाल्या.

संमेलनाला पुंजाजी धुवट धोतर नेसून आले आणि पुढच्याच बाकावर बसले. पहिला भाग उत्तम झाला. संथ भागात तो लांब सूर आला आणि हॉल एकदम शांत झाला. सूर बारीक होत चालला. देवमन घाबरला. त्याचा डावा हात पट्ट्यांवरून उठला आणि समोरच्या लाकडाला त्यानं तळव्यानं दोनदा ढकललं, भाता मारावा तसं. स्वरलिपीची पानं खाली सांडली.

आधी एक मुलगी हसली. मग सगळा हॉल हसला.

पुंजाजी उभे राहिले. "हासून काहून राहिले? पोरगं हवा देऊन राहिलं!"

हसू दुप्पट झालं. देवमन उठला आणि वडिलांकडे न बघता बाजूच्या दारानं निघून गेला.

जागा नागपूरच्या एका मास्तरांना मिळाली. देवमन प्रार्थनेची पेटी वाजवत राहिला, पियानोकडे पाठ करून. एस्तेरबाई अकोल्याला गेल्या तेव्हा निरोप द्यायलाही तो गेला नाही. मुली आपल्या हातांकडेच बघतात असं त्याला वाटायचं. गावी जाणंही त्यानं टाळलं.

उन्हाळ्याच्या सुटीत जावंच लागलं. अंगणात शालिकराम बसला होता, वस्तीतला ढोलकीवाला.

"काय गा साहेब, भाता मारला म्हणे तुनं?"

देवमन बोलण्याआधीच पुंजाजी म्हणाले, "बाजाच खराब व्हता तो. अन् काही चूक असंन तं माही हाये. लहानपनी भाता जोरानं मारायले मीच शिकोलं त्याले."

हे पाठ असल्यासारखं आलं; ते महिनोन्‌महिने सगळ्यांना हेच सांगत आले होते, हे देवमनला तेव्हा कळलं.

"बा, बाजा चांगला व्हता," तो म्हणाला. "तुमची बी चूक नाही. हात चुकला, चुकला. पन मी अर्ध्यात उठून आलो. वाजवता येत व्हतं मले पुढचं."

शालिकराम उठून गेला. पुंजाजींनी विडी पेटवली.

"मंग तुह्या त्या शिकवनाऱ्या बाईनं वाजोलं पुढचं," ते म्हणाले. "तुनं आयकलं काय?"

"नाही. मी सडकेवर पोचलो व्हतो."

"मी आयकलं," पुंजाजी म्हणाले. "पार सरेपर्यंत बसलो व्हतो. तुह्याच जाग्यावर बसून वाजोलं तिनं."

आपण त्यांना निरोप द्यायलाही गेलो नाही, हे आठवून देवमनला वर बघता आलं नाही.