बोट, घाट आणि आबांची पिकअप

आबांची जुनी पिकअप विकायची की ठेवायची, हा वाद आमच्या घरात दोन वर्षं पुरला आणि शेवटी निकालासाठी कसारा घाटात गेला.

झालं असं, की धाकट्या भावाने इगतपुरीच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या आमच्या शेतात पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. शहरातले लोक येतात, चुलीवरचं जेवतात आणि भाताच्या बांधावर उभे राहून फोटो काढतात. आता त्यांना बोटीतून फिरवायचं त्याच्या मनात आलं. ठाण्याकडे खाडीकाठच्या एका गावात जुनी फायबरची बोट मिळाली, तीही दोन चाकांच्या ट्रॉलीसकट. भाऊ टेम्पो ठरवायला लागला, तर आबा म्हणाले, "घरची गाडी उभी आसताना भाड्याची कशाला?"

"बरं," भाऊ म्हणाला. "बोट ओढत ती घाट चढली, तर विकायचं नावही काढणार नाही. नाही चढली, तर गिऱ्हाईक तयार आहे."

"मंजूर," आबा म्हणाले.

या पिकअपने टोमॅटो, द्राक्षं, कोथिंबीर मुंबईच्या बाजारात नेली आणि आमची दोघांची शिक्षणं केली. आबा आधी तिला धुतात, मग स्वतः आंघोळ करतात. तिच्या हॉर्नचा आवाज बसला, तेव्हा डॉक्टरकडे जावं तितक्या चिंतेने ते गॅरेजला गेले होते. भावाने त्यांना निदान नव्या बोगद्याच्या रस्त्याने या असं सुचवलं. "बोगद्यातून यायचं म्हंजी कॉपी करून पास व्हायचं," आबांनी निकाल दिला. मी शाळेत शिकवते आणि तेव्हा सुट्टी होती, म्हणून लक्ष ठेवायला माझी नेमणूक झाली.

आता खरी गोष्ट. माल वाहणाऱ्यांचा एक कायदा असतो: गाडी रिकामी घरी आणायची नाही. आबांनी आयुष्यात तो कधी मोडला नाही. बोट मागे जोडून झाली आणि आबा हौद्याकडे असे बघायला लागले, जसं कुणी जेवायला आलेल्या पाहुण्याच्या रिकाम्या ताटाकडे बघावं.

"आबा, आपण बोट आणायला आलोय," मी म्हणाले.

"बोट मागं हाय. हौदा मोकळाच हाय ना?"

मग हौद्यात नारळाची पोती चढली. मिठाची चढली. शहापूरला आत्याकडे चहाला थांबलो, तर तिथे तांदळाचा कट्टा, एक लोखंडी खाट आणि आत्याचा पाटा-वरवंटा चढला. खाट हौद्यात मावेना, म्हणून ती बोटीत गेली. शेवटी स्वतः आत्याच गाडीत बसली. "गाडी जातेच हाय तिकडं, तर येते चार दिस," ती म्हणाली आणि आमच्या दोघांच्या मधोमध पिशवी मांडीवर घेऊन स्थिरावली. सगळ्या गावाचं ओझं घेऊन परीक्षेला बसणारा विद्यार्थी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

कसाऱ्यापर्यंत आबा खुशीत होते. घाट लागला तशी गाडी घुमायला लागली, पण चढत होती. निम्म्या घाटात, एका वळणावर, पुढचा कंटेनर थांबला आणि आम्हालाही थांबावं लागलं. कंटेनर हलला. आबांनी गाडी उचलायला घेतली, तर इंजिन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागे सरकली आणि बोट वाकडी व्हायला लागली. मागच्या ट्रकने असा हॉर्न दिला, की आत्याने डोळे मिटून घेतले.

"दगड लाव गं चाकाला!" आबा ओरडले.

मी उतरले. दगड शोधायला वेळ कुठे होता? हौद्यातून हाताला लागला तो वरवंटा ठेवला. वरवंटा गोल, तो घरंगळत उताराला लागला. मग दोन्ही हातांनी पाटा ओढून चाकामागे टाकला आणि गाडी थांबली. आत्या आतून विचारत होती, "माझाच घेतला का?"

आबांच्या बाजूला जाऊन मी काचेतून आत पाहिलं. त्यांचा डावा गुडघा शिलाई मशीनसारखा थडथडत होता. हाताने दाबून धरला तरी राहत नव्हता. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं. हात काढून घेत ते म्हणाले, "गाडीत दम नाय राह्यला. म्हातारी झाली."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. ज्या गाडीबद्दल त्यांनी जावयाचीही चेष्टा खपवून घेतली नव्हती, तिलाच आता ते पुढे करत होते. हे भावाच्या कानावर गेलं, की गिऱ्हाईक येणार होतं.

"आबा, उतरा. मी बघते."

"तू? ही तुझी शाळंत न्यायची मोटार नाय."

"उतर की दादा," आत्या म्हणाली. "उलटं शहापूरलाच जायचं होतं, तर मी घरी बसले आस्ते."

आबा उतरले. पण पडलो तरी नाक वर. शेजारी बसणार नाही म्हणाले. मागच्या गाड्यांना हात दाखवायला कुणीतरी हवं ना, म्हणून सरळ बोटीत चढले आणि आत्याच्या खाटेवर बसले. मी पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दिला, क्लच सावकाश सोडला. गाडी कुरकुरली आणि निघाली. नारळ, मीठ, तांदूळ, आत्या, सगळ्यांसकट निघाली. आरशात आबा दिसत होते. टोपी घट्ट धरून ते बोटीतून मागच्या ट्रकना थांबवत होते, आणि ट्रक त्यांचं ऐकतही होते. पाटा मात्र तिथेच राहिला.

शेतावर पोचल्यावर भावाने काही विचारायच्या आधीच आत्या बोलली. "आडकली रे गाडी घाटात."

भावाचा चेहरा उतरला. जिंकल्याचा आनंद त्याला झाला नाही, हे मी मान्य करते. "मग ठरल्याप्रमाणे," तो हळूच म्हणाला.

मी सांगू शकले असते. पण ते माझं सांगणं नव्हतं. आबा पायरीवर बसून बशीतून चहा पीत होते. चहा संपला, तरी बशी हातातच होती.

"गाडी नाय आडकली," ते म्हणाले. "मी आडकलो. वरीस झालं, पाय क्लचवर ऱ्हात नाय. उगाच तिला नावं ठेवली मी." खिशातून किल्ली काढून त्यांनी भावापुढे धरली. "इकू नको. डायव्हर बदल."

भावाने किल्ली घेतली, आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पाण्यात सोडायला निघालो. भाऊ स्टिअरिंगवर बसला. आबा सवयीने उजवीकडे गेले, थांबले, आणि पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आले. ते दार बाहेरून नुसतं ओढून उघडत नाही. जरा वर उचलून कमरेने धक्का द्यावा लागतो. आईपासून शेजाऱ्यांच्या पोरांपर्यंत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आबा कडी ओढत राहिले. इतक्या वर्षांत ते त्या बाजूने कधी बसलेच नव्हते.

"वर उचला, आबा," मी म्हणाले. "आणि धक्का द्या."