तिसरा सिलिंडर

हाताला डिझेलचा वास लागला की धुळ्याचं ते गॅरेज आठवतं. महिन्यापूर्वीच घेतलेली माझी जुनी पिकअप उभ्या जागी थरथरत होती. मिस्त्रीने चालू इंजिनवर इंजेक्टरचे पाइप एकेक करून सैल केले. बाकीच्यांना इंजिन अडखळायचं, तिसऱ्याला आवाज बदललाच नाही. “भाऊ, हा सिलिंडर मेलेला शे. दुखणं जुनं, पण रेस दिली का सारं बठ्ठं लपतं. घेताना रेस सोडून ऐकलं नाही का?” जामनेरला मी गाडीच्या जुन्या मालकाशी तासभर घासाघीस करत होतो, तेव्हा पारख करायला नेलेला माझा मेकॅनिक मित्र स्टिअरिंगवर बसला होता. “इंजिन एक नंबर” म्हणत त्याने रेसवरचा पाय एकदाही उचलला नाही. मालक परका होता, त्याच्यावर राग नाही. मित्र मात्र आजही रस्त्यात हात करतो. मी गाडी थांबवत नाही.