उतारावरची यंत्रं

आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, समुद्राच्या तळाशी यंत्रं सोडतात. किनाऱ्यापासून आत, पाण्याखाली, एक ज्वालामुखी आहे. त्याचा उतार कोसळला तर लाट उठेल आणि पहिली आमची गल्ली गिळेल. त्या उतारावर वन्संची यंत्रं बसलीत. एक हाक मारतं, दुसरं ओ देतं. आवाजाला लागलेल्या वेळेवरून दोघांतलं अंतर कळतं. अंतर वाढलं की समजायचं, उतार हलला.

कधी वाढलंच नाही. वन्सं गल्लीभर सांगायच्या, "निवांत झोपा." आणि आम्ही मेले झोपायचोही!

परवा भरदुपारी त्या बोटीवरून थेट घरात आल्या, बुटांसकट. नुकती पुसलेली फरशी! मी ओरडणारच होते, पण त्यांचा चेहरा पाहून फडकं खाली ठेवलं.

"एक यंत्र उतारापलीकडच्या घट्ट खडकावर ठेवलं," त्या म्हणाल्या. "ते सांगतंय, बाकीची लांब चाललीत. सगळी, मिळून. अख्खा उतारच सरकतोय गं! यंत्रं त्याच्यावरच बसलेली, त्यांना काय कळणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही."

मी खिडकीशी गेले. बाहेर समुद्र निपचित पडलेला. आणि खाली अंधारात ती यंत्रं, एकमेकांना ओ देत देत, सगळी एकदमच खाली चाललेली.

वन्संच्या कचेरीतले म्हणाले, आधी पडताळू. वन्सं दारोदार फिरल्या. "काल निवांत, आज पळा! उद्या काय सांगाल, ताई?" लोक हसले. कुणी भांडंसुद्धा हलवलं नाही. वन्सं येऊन पायरीवर मटकन बसल्या.

सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. गुडघ्यांपायी दारापर्यंतही न येणारी बाई! मला म्हणाल्या, "माझी गादी बांध. आणि मागच्या बोळातून नको, भर गल्लीतून ने."

खुर्चीत बसवून उचललं त्यांना, मी आणि वन्संनी, आणि टेकडीकडे निघालो. दर दारापुढे त्या थांबायला लावत. "मी चालले रे! माझी लेक चुकली होती, आणि ते स्वतःच्या तोंडाने सांगतेय. आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

खिडक्यांतून नुसते डोळे. मग मागे शिंपीणबाईंच्या दाराला कुलूप घातल्याचा आवाज आला. वन्सं वळल्या नाहीत. दुसरं कुलूप वाजलं, तेव्हा मात्र त्या खुर्चीचा पाय धरूनच हमसून रडायला लागल्या.

"रड नंतर," सासूबाई म्हणाल्या, "आधी उचल मला."