नीशच्या बँडमधला मराठी आवाज

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला, तेव्हा मी टोकियोतल्या फुनाबोरीच्या घरात मुलीचा अभ्यास घेत बसलो होतो. पलीकडची बाई इचिकावाच्या एका हॉस्पिटलमधून अतिशय नम्र जपानीत बोलत होती. ऑफिसातल्या निखिलच्या पाकिटातल्या कार्डावर तातडीच्या संपर्कासाठी माझं नाव होतं आणि नात्यापुढे त्यानं ‘वरिष्ठ’ असं लिहिलं होतं. "आपण त्यांचे वरिष्ठच ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मग तिनं सांगितलं... स्टेशनवर कोसळला होता. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. चौतीस वर्षांचा होता.

त्याला जाऊन आता सात आठवडे झाले.

निखिल मूळचा साताऱ्याचा. पुण्यात इंजिनीअरिंग करून सात वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून टोकियोला आला. हळू बोलायचा, इतका हळू की मीटिंगमध्ये जपानी लोक पुढं झुकून ऐकायचे. डबा खाताना कानात कायम इअरफोन. एकदा मी विचारलं, काय ऐकतोस रे एवढं? त्यानं एक इअरफोन माझ्या कानात घातला. आधी गिटारचे हलके, एकटे सूर, मग अचानक कुणीतरी जीव तोडून किंचाळायला लागलं. मी दचकून इअरफोन काढला.

"कुणी मारतंय का त्याला?"

"नाही दादा," तो हसला. "सांगतोय काहीतरी. हळू सांगून झालंय त्याचं."

या प्रकाराला स्क्रीमो म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. थोडा सौम्य असेल तर इमो. निखिल ऐकायचा ते बँड सर्बियातले होते, अगदी नवे, वीस-बावीस वर्षांच्या पोरांचे. ही पोरं तळघरात नाहीतर कुणाच्या गॅरेजमध्ये सराव करतात, दीड-दोन मिनिटांची गाणी करतात आणि तीस-चाळीस लोकांसमोर वाजवतात. जगाच्या नकाशावर इतकं सोडून सर्बियाच का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "दादा, तिथं एका बँडमधल्या चारातले दोघं जर्मनीला जातात कामाला. उरलेले दोघं मागं राहिल्याबद्दल गातात. मी निघून आलोय, तर मला ते नीट ऐकू येतं."

निघून आला होता, पण सुटला नव्हता. दरवर्षी करार वाढायचा आणि दरवर्षी तो म्हणायचा, एवढं एक वर्ष. साताऱ्याहून आईचा फोन आला की "बघतो गं" म्हणायचा. दहा वर्षं सलग काढली की कायम राहायचा परवाना मागता येतो आणि तो मिळाला की मग हवी ती नोकरी करता येईल, असा त्याचा हिशेब होता. तोवर आमची कंपनी, आमचा क्लायंट, आणि इचिकावातली ती एक खोली. तिच्या भिंती अशा की शेजाऱ्यानं एकदा दारात चिठ्ठी ठेवली होती, कृपया शिंकताना काळजी घ्यावी. निखिलनं ती मला दाखवली. आम्ही दोघं खूप हसलो होतो.

म्हणून तो रविवारी दुपारी स्टेशनजवळच्या कराओकेमध्ये एकट्यासाठी तासभर खोली घ्यायचा. एकदा मला घेऊन गेला. माझ्यासमोर आधी लाजला, मग पाठ फिरवून उभा राहिला आणि ओरडला. शब्द कळत नव्हते. मानेच्या शिरा दिसत होत्या. मी सोफ्यावर बसून मेन्यूकार्ड वाचत राहिलो, कारण बघवत नव्हतं आणि उठताही येत नव्हतं. तास संपल्यावर त्यानं घाम पुसला, मेलन सोडा संपवला आणि काउंटरवरच्या मुलीला वाकून म्हणाला, "त्रास दिल्याबद्दल माफ करा."

सर्बियातल्या नीश नावाच्या शहरातल्या एका बँडशी त्याचं पत्रमैत्र जमलं होतं. गिटार वाजवणारी आणि गाणारी येलेना दिवसा बेकरीत काम करते. त्यानं तिच्या गाण्यांचे मराठी अर्थ वहीत लिहून काढले होते, निव्वळ स्वतःसाठी. तिला ते कळल्यावर तिनं लिहिलं, मग एक कडवं तुझ्या भाषेत तूच म्हण. वसंतात तीन गावांत आमचे कार्यक्रम आहेत, ये.

निखिल माझ्याकडे आठ दिवसांची रजा मागायला आला. सात वर्षांत पहिल्यांदा सलग आठ दिवस. त्याच आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन क्लायंटला द्यायचं होतं. मी "बघू" म्हणालो. चार दिवस काहीच बोललो नाही. पाचव्या दिवशी त्यानंच विचारलं आणि मी म्हणालो, "या वेळी नाही रे जमणार. सातो-सान हो म्हणायचे नाहीत."

"ठीक आहे दादा."



खरं तर आमचे जपानी मॅनेजर असलेल्या सातो-सानना मी विचारलंच नव्हतं. माझाही करार त्याच महिन्यात वाढायचा होता. मुलीची शाळा इथं, घर इथं... कुणाची रजा मागून नजरेत यायचं नव्हतं मला. पुढं क्लायंटनंच ते काम पंधरा दिवस लांबवलं. ज्या दिवसांत निखिल सर्बियात असता, त्या दिवसांत आम्ही दोघं समोरासमोर बसून रिकाम्या स्क्रीनकडे बघत होतो. तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर सातो-सान ऑफिसात माझ्याकडे आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "निखिल-सान रजाच घेत नसत. मी आपल्याला दोनदा म्हणालो होतो, त्यांना सुट्टी घ्यायला लावा." डॉक्टर म्हणाले होते की ती रक्तवाहिनी जन्मापासूनच कमजोर असणार, यात कुणाचा दोष नाही. मी ते वाक्य स्वतःला रोज सांगतो. सातो-सानचं वाक्य मात्र सांगावं लागत नाही, ते आपोआप आठवतं.

निखिलच्या आईकडे, काकूंकडे, पासपोर्ट नव्हता. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला. मी येलेनाला बँडच्या पानावर निरोप लिहिला. दोन दिवसांनी उत्तर आलं. निखिलनं तिला त्याचं कडवं रेकॉर्ड करून पाठवलं होतं, गाणं तयार होतं. आता ते प्रसिद्ध करावं की नाही, हे तिला आम्ही सांगायचं होतं.

गेल्या महिन्यात मी अस्थी घेऊन साताऱ्याला गेलो. सगळं आटोपल्यावर काकूंच्या स्वयंपाकघरात बसून येलेनानं पाठवलेला वसंतातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला. एक तळघर, घामेजलेली पोरं. मध्येच बँड थांबतो, माइकसमोर कुणीच नसतं आणि स्पीकरमधून निखिलचा आवाज फुटतो, "मला इथं उतरायचंय! मला इथं उतरायचंय!" समोरची पोरं त्याच्यामागून ओरडतात, मोडक्या उच्चारांत, अर्थ न कळता.

काकू स्क्रीनजवळ वाकल्या.

"हा असा ओरडायचा का तिकडं?"

"हो, काकू."

"लहानपणी एसटीत हेच म्हणायचा. पण इतक्या हळू, की कंडक्टरला जायचंच नाही ऐकू. गाडी पुढं निघायची. मग मी ओरडायची त्याच्यासाठी." त्यांनी पदरानं फोनची काच पुसली. "आता स्वतःच म्हणाला. असू दे ते गाणं. येऊ दे लोकांसमोर."

मग म्हणाल्या, "परत लाव."

मी लावलं. खिडकी उघडी होती, शेजारी जेवणं चालली होती आणि माझा अंगठा सवयीनं आवाज कमी करायला गेला. काकूंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.